मैलूरच्या पेटीचं कंट्रोल कार्ड

ज्या कार्याचा फोटो निघाला नाही ते कार्य झालंच नाही, हे आता सगळ्या जाणत्या माणसांनी मान्य केलेलं आहे. पूर्वी लोक 'मी माझ्या डोळ्यांनी बघितलं' असं म्हणत आणि ते चालूनही जाई. पण डोळ्याला तारीख नसते, आणि डोळा दुसऱ्याला पाठवता येत नाही. त्यामुळे डोळ्यांची साक्ष हळूहळू बाद झाली आणि तिची जागा पेटीनं घेतली. बिदर शहरातल्या मैलूर भागात राहणारे निवृत्त मुख्याध्यापक श्री. शिवशंकरप्पा यांच्या घरी अशी एक पेटी आहे.

पेटीला शिकलेले लोक सर्व्हर म्हणतात. घरात तिला पेटीच म्हणतात. ती देवघराच्या खालच्या फळीवर असते, कारण घरात इन्व्हर्टरचा प्लग तिथंच आहे (देवाला उजेड आणि पेटीला करंट एकाच तारेनं मिळतो). आत सहा डिस्का आहेत. त्यांना नुसते आकडे देणं शिवशंकरप्पांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी घरच्या माणसांची नावं दिली. पहिली शिवशंकर, दुसरी नागव्वा (ही त्यांची पत्नी), तिसरी मल्लेश्वरी (ही लेक), आणि पुढं जावई, नातू, नात. ठाणाकुशनूरपासून अफजलपूरपर्यंतचे सगळे पाव्हणे आपापले फोटो इथं पाठवतात, आणि शिवशंकरप्पा ते आत घालून वरून पोच देतात. या उपक्रमाला त्यांनी 'कौटुंबिक स्मृती जतन केंद्र' असं नाव ठेवलं असून शिक्काही करून घेतला आहे.

केंद्राच्या शेवटच्या मोजणीप्रमाणे पेटीत एक्क्याऐंशी हजार फोटो आहेत. त्यांत पंगतीतल्या ताटांचे नऊ टक्के, डोळे मिटलेल्या माणसांचे चौदा टक्के, 'निघाला का बघ' म्हणून फोटोवाल्याकडं वाकून बघणाऱ्यांचे एकवीस टक्के आणि एकाच क्षणाचे हुबेहूब एकसारखे सत्तेचाळीस टक्के. राहिलेल्या नऊ टक्क्यांत काय आहे ते ओळखू येत नाही. यांतले किती फोटो कुणी परत बघितले याचा आकडा केंद्रानं काढलेला नाही, कारण बघून बघून डिस्क झिजते असं शिवशंकरप्पांचं मत आहे. जतन करायचं म्हटल्यावर बघायचं कशाला, असा त्यांचा साधा हिशोब.

आता या पेटीवर एका माणसाचं माहेर अडकलं होतं, ते सांगायला हवं.

चार वर्षांमागं मल्लेश्वरीचं लग्न झालं. नागव्वांचे धाकटे भाऊ सिद्धप्पा, अफजलपूरकडचे ऊसवाले शेतकरी, म्हणजे नवरीचे सोदरमामा, सख्खे मामा, पहिल्या फेट्याचे मानकरी. फेटे बांधायची वेळ आली तेव्हा सिद्धप्पा आणि शिवशंकरप्पांचे ठाणाकुशनूरचे चुलतभाऊ गुरुशांतप्पा शेजारी शेजारी बसले होते. दोघांनाही फेटे बांधले, दोन्ही गुलाबी, दोन्ही एकाच ताग्यातले. वाद एवढाच, की आधी कुणाला बांधला. सिद्धप्पा म्हणाले, "पयला गुरुशांतप्पाला बांधला. सोदरमामा बसला बघत." शिवशंकरप्पा म्हणाले, "पयला तुलाच बांधला. माझ्या डोळ्यांदेखत बांधला." बस्स. त्या दिवसापासून सिद्धप्पांनी दाजींच्या घरचं तोंड बघितलं नाही, आणि दाजी आपण होऊन 'आत या' म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही अशी शपथ घेतली. शिवशंकरप्पांचाही बाणा असा, की माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर पेटीतला लग्नाचा व्हिडिओ दाखवणार नाही आणि भरवसा असेल तर दाखवायची गरज नाही. या दोन बाण्यांच्या मधे नागव्वा चार वर्षं माहेरावाचून बसल्या. सण आला की त्या दाराकडं बघत आणि मग पदरानं उगीच फळी पुसत.

यंदा सिद्धप्पांच्या लेकीचं, शैलश्रीचं, लग्न ठरलं. आत्यानं हळद लावायची असते, लग्नाच्या कार्डात आत्याचं नाव घालायचं असतं. भाचीच्या हळदीला जायला मिळणार नाही या विचारानं नागव्वांचा घास घशाखाली उतरेना. अखेर त्यांनी आणि सिद्धप्पांच्या बायकोनं, भुवनेश्वरीनं, दोन्ही पुरुषांना मधे न घेता तडजोड काढली. रविवारी सगळ्यांनी मैलूरला यायचं, पेटी उघडायची, पयला फेटा कुणाचा ते एकदाच बघायचं, आणि हरलेल्यानं जिंकलेल्याच्या पाया पडायचं. नवऱ्यांना हे फक्त कळवण्यात आलं.

आणि त्याच आठवड्यात पेटी बोंबलायला लागली.

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा नागव्वांनी गॅस बंद केला. शेजारच्यांनी मोटारसायकलला लाथ घालून बघितली. शेवटी आवाज देवघरातून येतोय हे कळल्यावर शिवशंकरप्पांनी भीमराजना बोलावलं. भीमराज म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी, आता पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवतात, आणि कुठलीही गोष्ट पन्नास मिनिटांच्या तासाला पुरेल इतकी समजावून सांगतात.

"सर, डिस्का ठणठणीत हायत," भीमराज म्हणाले. "एखादी गेली असती तरी बाकीच्या पाचांनी सांभाळून घेतलं असतं. एकत्र कुटुंबच हाय ते. पण साही डिस्का ज्याच्यातून बोलतेत ते कंट्रोलर कार्ड जळलंय. म्हंजे घरात कर्ते सहा, पण किल्ली एकाच्याच कमरेला, अन् तोच गेला."

"दुसरी प्रत असावी म्हणून मी ठेवलेली हाय की," शिवशंकरप्पा ताठ मानेनं म्हणाले.

"कुठं ठेवली?"

"पेटीतच. कपाटात ठेवली असती तर वाळवी लागली असती."

भीमराजनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तासाला बसलेल्या पोरानं उलटा प्रश्न विचारला की ते असाच हातातला खडू खाली ठेवतात.

कार्ड कशानं जळलं याची रीतसर चौकशी झाली. नागव्वा रोज पूजा आटोपली की उरलेली विभूती पेटीच्या कपाळाला लावत, आणि शिवशंकरप्पांनी धूळ बसू नये म्हणून पेटीवर क्रोशाचा जाड रुमाल घातला होता. रुमालाचा दोरा पंख्यात गुंतून पंखा थांबला होता आणि कार्डावर विभूतीचा पातळ थर होता. चौकशी समितीनं विभूतीला दोषी धरून रुमालाला निर्दोष सोडलं. समितीत शिवशंकरप्पा हे एकच सभासद असल्यामुळं निर्णय एकमतानं झाला.

जळलेलं कार्ड ज्या जातीचं होतं ती जात आता बाजारातून उठली होती. दुसऱ्या जातीचं कार्ड घातलं तर डिस्कांची ओळख पटेलच असं नाही. भीमराजनी दहा ठिकाणी फोन करून हैदराबादेत एका जुन्या मालाच्या दुकानात तसंच्या तसं कार्ड हुडकलं. दुकानदार म्हणाला, बसनं पाठवतो, "रविवार तक पहुँचना मुश्किल है साब." शिवशंकरप्पांनी ते ऐकलं आणि पुढ्यातलं ताट सारलं. फेट्याचा निकाल आपल्या बाजूनं लागणार याची त्यांना खात्री होती, आणि निकालच कुलपात जाऊन बसला होता.

इथं एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्या भागात सरकारी स्वस्त धान्याच्या दुकानाला कुणी रेशनचं दुकान म्हणत नाही. निजामाच्या काळापासून म्हणा की त्याच्या पुढच्या दुष्काळापासून, त्याला 'कंट्रोल' म्हणतात. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची साखर, आणि ज्याच्यावर घरातल्या माणसांची नावं असतात ते कंट्रोलचं कार्ड. भीमराज 'कंट्रोलर' म्हणत होते. त्यातला शेवटचा 'र' नागव्वांना जड वाटला, त्यांनी तो सोडून दिला. अफजलपूरहून भुवनेश्वरीचा फोन आला तेव्हा हे असं झालं:

"अक्का, शैलश्रीचं कार्ड छापायला टाकायचंय. रविवारी तेवढं बघून गेलो की तुमचं नाव घालतो बघा. तयारी हाय न्हवं?"

"कशाची तयारी ग भुवनी! आमचं कंट्रोल कार्डच गेलंय."

"गेलंय म्हंजे?"

"बंद पडलंय. सगळ्यांची नावं उडाली. यांचं दिसंना, माझं दिसंना, मल्लेश्वरीचं दिसंना. इतकी वर्षं साठवून साठवून ठेवलेलं, आता त्यातलं काडीभर हाताला लागंना. हे तर कालपासून धड जेवले न्हाईत."

"अगं बाई! मग नवं कार्ड?"

"भीमराज सर फिरायलेत बिचारे. मिळालं तर मिळालं. तुम्ही येऊन तरी काय करताव? आमच्या घरात बघण्यासारखं काय उरलंय आता!"

आणि नागव्वा खरंच रडल्या. त्या शैलश्रीच्या हळदीसाठी रडत होत्या, हे फोनमधून कळायला मार्ग नव्हता.

भुवनेश्वरीनं जसं ऐकलं तसं नवऱ्याच्या कानावर घातलं. कंट्रोलातून नाव उडालं, घरात दाणा नाही, दाजी उपाशी, अक्का रडायलीय. पेन्शनवाल्या माणसाच्या घरात दाणा कसा नाही, ही शंका दोघांनाही आली नाही असं नाही. पण पेन्शनही थटली असंल, आजकाल काय सांगावं, असं म्हणून त्यांनी ती आपली आपणच मिटवली. सिद्धप्पा थोडा वेळ उसाकडं बघत उभे राहिले. मग एकदम बायकोवर खेकसले, "कामून बसलीस? पोतं आण! भाऊ जिता हाय अजून, अन् भैणीची चूल थंड पडायली!" चार वर्षांचा राग त्यांनी कुठं ठेवला ते त्यांनाही त्या घाईत आठवलं नाही.

शनिवारी ते अर्धं पोतं जोंधळे, तुरीची डाळ आणि गुळाची ढेप घेऊन अफजलपूरहून कलबुर्गीला आणि तिथून बिदरच्या बसला बसले. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट मागितलं तेव्हा त्यांनी आपल्या बहिणीची सगळी हकीगत त्याला सांगितली. बस हुमनाबादला पोचेपर्यंत ती सगळ्या गाडीला माहीत झाली होती, आणि एका म्हाताऱ्या बाईनं तर स्वतःच्या पिशवीतले चार कांदे त्यांच्या पोत्यात टाकले.

तिकडं मैलूरला हैदराबादेचं कार्ड त्याच शनिवारी सकाळी येऊन पोचलं होतं (दुकानदारानं उशिराचं सांगून लवकर पाठवलं होतं, व्यापारात हे क्वचित घडतं). भीमराजनी जुनं कार्ड उपसून नवं बसवलं, सहा वायरी ज्या त्या जागी लावल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्यांचा सरळ अर्थ असा होता: परकी मंडळी आढळली आहे. आत घ्यायची की पुसून टाकायची?

"परकी?" शिवशंकरप्पा भडकले. "हे कालचं आलेलं! अन् आमच्या डिस्का इथंच वाढलेल्या!"

(दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या वाचकांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.)

"तसंच असतंय सर. नवं कार्ड आलं की जुन्या रहिवाशांना परकंच समजतंय. आपण फक्त आत घे म्हणायचं. पण चुकून पुसायचं बटण दाबलं तर मग कुणाच्या बापाला परत आणता येणार न्हाई." एवढं सांगून भीमराजनी दोन्ही पर्यायांवर स्वतंत्र व्याख्यान सुरू केलं.

शिवशंकरप्पांनी आयुष्यात हजारो प्रगतिपत्रकांवर सही केली होती, पण इथं त्यांचा हात उचलेना. चुकीचं दाबलं तर मल्लेश्वरीचं लग्न जाणार, नातवाचं पहिलं पाऊल जाणार, आणि नागव्वाचं माहेर कायमचं जाणार. "भीमराज, तू लेखी देतोस का, की हेच बटण म्हणून?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दारात हाक आली. "अक्का!"

नागव्वा धावल्या. उंबऱ्याच्या बाहेर सिद्धप्पा उभे, खांद्यावर पोतं, शर्ट घामानं भिजलेला.

"हे काय रं सिद्दू?"

"जोंधळे हायत. डाळ हाय. तुमचं कंट्रोलचं नवं कार्ड मिळंस्तोवर पुरंल. पुन्हा आणतो."

नागव्वांना सगळा घोटाळा एका क्षणात समजला. पण त्या शहाण्या बाई. चार वर्षांनी दारात आलेल्या भावाला, तू चुकून आलास, असं कोण सांगणार? त्यांचे डोळे भरून आले आणि त्या आतल्या बाजूला तोंड करून ओरडल्या, "अहो, आत घ्या की! बघत काय बसलाव? आत घ्या म्हणते ना!"

शाळेत असल्यापासून या घरातली बाई काही म्हणाली की ते आधी करायचं आणि मग विचारायचं, अशी भीमराजना सवय होती. त्यांनी 'आत घ्या' दाबलं. पेटीचं बोंबलणं थांबलं. एकेक हिरवा दिवा लागत गेला.

"आले!" शिवशंकरप्पांनी मांडीवर थाप मारली. "आले, आले! या, या! सगळे आत या!"

बाहेर सिद्धप्पांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. दाजी आपण होऊन, एवढ्या मायेनं, 'या' म्हणाले. शपथ फिटली. त्यांनी चपला काढल्या आणि पोत्यासकट आत आले.

आता खरं म्हणजे गोष्ट इथंच संपायला हवी होती. भाऊ घरात, पेटी चालू, चुलीवर चहा. पण पुरावा हाताशी असताना तो न बघता गोड बोलत बसणं माणसाच्या स्वभावात नाही. शिवशंकरप्पा म्हणाले, "आलाच हाव तर बघूनच टाकू." सिद्धप्पा म्हणाले, "माझी कुठं ना हाय?" नागव्वांनी दोघांकडं बघून कपाळावर हात मारला.

लग्नाचा व्हिडिओ चार वर्षांत पहिल्यांदा उघडला. मंडप दिसला, तोरण दिसलं, गुरुशांतप्पा आणि सिद्धप्पा शेजारी शेजारी उघड्या डोक्यांनी बसलेले दिसले. गुलाबी कापड घेऊन फेटेवाला पुढं आला. सिद्धप्पा पोत्यावरच पुढं सरकले. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर एक पाठ आली.

रुंद पाठ. पांढरा सदरा, डाव्या खांद्याखाली हळदीचा डाग. दोन्ही हात वर, हातात मोबाईल. फोटोग्राफर डावीकडं सरकला की पाठ डावीकडं सरके, उजवीकडं सरकला की उजवीकडं. मागून कुणीतरी 'ओ, खाली बसा' असं ओरडलंही. पाठ बाजूला झाली तेव्हा दोन्ही डोक्यांवर फेटे होते.

"कोण हाय हा गाढव?" शिवशंकरप्पा कडाडले. "माझ्या लेकीच्या लग्नात मधे तडमडतोय!"

"तो सदरा मी आजवर दोन बार धुतलाय," नागव्वा म्हणाल्या. "डाग निघाला न्हाई. आतल्या खुंटीला हाय, दाखवू?"

शिवशंकरप्पांनी खुंटीकडं बघायचं टाळलं. पण केंद्राचा संचालक इतक्या लवकर हार मानणारा नव्हता. त्या मोबाईलमधलं चित्रीकरणही पेटीत जतन होतंच. ते लावलं. त्यात मंडपाचा पंखा दिसतो, मग शिवशंकरप्पांचा अंगठा दिसतो, आणि शेवटपर्यंत त्यांचाच आवाज ऐकू येतो, "चालू झालं का हे? झालं का चालू?"

"म्हंजे," सिद्धप्पा सावकाश म्हणाले, "दाजीनं बी बघितलंच न्हाई."

नागव्वा उठल्या. त्यांचा आवाज एरवी देवघराबाहेर जात नाही, त्या दिवशी गल्लीत गेला. "चार वर्षं! चार वर्षं मी माहेरचं पाणी पिले न्हाई, ते या पाठीपायी! एक म्हणतोय बघितलं, एक म्हणतोय पयला बांधला न्हाई, अन् मी बसले मधे वाळत!" त्यांनी ट्रंक उघडून नवऱ्याचा गुलाबी फेटा सोडला आणि त्यांच्या अंगावर फेकला. "बांधा. आत्ता. पयला. या घरात दुसरं डोकं न्हाई."

भीमराज हळूच भिंतीकडं सरकले.

शिवशंकरप्पा उठले. सिद्धप्पा पोत्यावर ताठ बसले. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, शिवशंकरप्पांचा उजवा हात खिशात गेला आणि मोबाईल घेऊन वर आला.

"ठेवा ते!" नागव्वांनी तो हिसकून घेतला, भीमराजचाही काढून घेतला आणि दोन्ही जोंधळ्याच्या पोत्यात खुपसले. मग शिवशंकरप्पांना दोन्ही हात मोकळे राहिले आणि त्या हातांनी त्यांनी मेव्हण्याला फेटा बांधला. बांधता बांधता ते बोलून गेले, "आलास बरं झालं रं सिद्धप्पा. हिचं तोंड बघवत नव्हतं मला." सिद्धप्पांनी मान हलवली, त्यामुळं फेटा सुटला आणि परत बांधावा लागला. नागव्वा पदर तोंडाला लावून बघत होत्या, नुसत्या बघत होत्या. चहा उतू गेला.

पेटीतून उपसलेलं जळकं हिरवं कार्ड बघून 'हे व्हय तुमचं कंट्रोल' असं सिद्धप्पांनी नंतर विचारलं. पण आणलेलं धान्य परत न्यायचं नसतं, एवढंच नागव्वांनी सांगितलं. शैलश्रीच्या कार्डात आत्याचं नाव पहिल्या ओळीत छापलं आहे.

केंद्राच्या नोंदीत मात्र त्या दिवसाचा एकही फोटो नाही. त्यामुळं सुरुवातीला सांगितलेल्या तत्त्वानुसार हा फेटा बांधलाच गेला नाही. ठाणाकुशनूरला गुरुशांतप्पांनी तसं बोलायला सुरुवातही केली आहे.

आणि तुमच्याही मनात आलंच असेल की एक तरी फोटो हवा होता, फेटा कसा दिसत होता ते बघायला मिळालं असतं. हरकत नाही. पण हात खाली घ्या आणि जरा बाजूला सरका. तुमच्या पाठीमुळं नागव्वांना दिसंना झालंय.